पोत्यांची रांग चंद्रापर्यंत, वाट्याला 386 ग्रॅम

1950-51 साली भारतात 5 कोटी 8 लाख टन धान्य पिकलं. तांदूळ, गहू, ज्वारी, बाजरी, डाळी, सगळं धरून. शंभर किलोच्या पोत्यांत ते भरलं तर पोती होतात जवळपास 51 कोटी. एक पोतं आडवं ठेवल्यावर एक मीटर जागा घेतं असं धरलं, तर एकापुढे एक मांडलेली ही रांग 5 लाख 8 हजार किलोमीटर लांब होते. चंद्र आपल्यापासून सरासरी 3 लाख 84 हजार किलोमीटरवर आहे. म्हणजे रांग चंद्रापर्यंत पोचून वर सव्वा लाख किलोमीटर उरते.

आता हेच धान्य 1951 च्या जनगणनेतल्या 36 कोटी 11 लाख माणसांत वाटून पाहा. माणशी दिवसाला 386 ग्रॅम. त्यातून पुढच्या हंगामाचं बियाणं काढायचं, उंदीर-किडीचं नुकसान सोसायचं, आणि उरलं त्यात दोन वेळा जेवायचं.

हा हिशेब डोक्यावर असलेल्या देशाचं कृषी खातं 1952 साली वऱ्हाडातल्या एका शेतकऱ्याच्या मुलाकडे आलं: डॉ. पंजाबराव, म्हणजेच भाऊसाहेब देशमुख. जन्म 27 डिसेंबर 1898, अमरावती जिल्ह्यातलं पापळ गाव. शिकायला ते विलायतेला गेले, वैदिक वाङ्मयातल्या धर्माच्या उगमावर प्रबंध लिहून ऑक्सफर्ड विद्यापीठाचे डॉक्टर झाले आणि परत वऱ्हाडातच आले. 1927 साली अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून झालेल्या सत्याग्रहात ते पुढे होते. पुढे संविधान सभेत बसले. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत देशभर 17 कोटी 32 लाख मतदार होते आणि लोकसभेच्या जागा 489. त्यांतली अमरावतीची जागा त्यांनी जिंकली; 1957 ला आणि 1962 ला पुन्हा.

1952 ते 1962 ही दहा वर्षं ते केंद्रात मंत्री होते. या दशकात काय घडलं? 1960-61 चं पीक 8 कोटी 20 लाख टनांवर गेलं. पोत्यांची तीच रांग आता 8 लाख 20 हजार किलोमीटर, म्हणजे चंद्रापर्यंत जाऊन परत येऊनही उरेल एवढी. वाढ 61 टक्के. पण त्याच दहा वर्षांत देशात 7 कोटी 80 लाख माणसं वाढली. 1961 सालच्या अख्ख्या ब्रिटनची लोकसंख्या सव्वापाच कोटींच्या आसपास होती. तसे जवळपास दीड ब्रिटन आपल्या पंगतीत नव्याने येऊन बसले. म्हणून माणशी वाटा वाढून 512 ग्रॅमच झाला. दशकभराच्या राबण्यातून प्रत्येकाच्या पदरात दिवसाला 126 ग्रॅम जास्त पडले.

हे यश एका माणसाचं नव्हे. त्या काळात अन्न खात्याची धुरा रफी अहमद किडवई, अजित प्रसाद जैन, स. का. पाटील यांनी वाहिली. पाटबंधारे झाले, पडीक जमीन लागवडीखाली आली, आणि घाम कोट्यवधी शेतकऱ्यांनी गाळला. शिवाय ते पुरलंही नाही. मे 1960 मध्ये अमेरिकेशी चार वर्षांसाठी 1 कोटी 60 लाख टन गव्हाचा करार करावा लागला, म्हणजे सरासरी रोजचे सुमारे 11 हजार टन. आणि 10 एप्रिल 1965 ला भाऊसाहेब गेले त्याच वर्षी पावसाने दगा दिला. आदल्या हंगामातलं 8 कोटी 94 लाख टनांचं पीक 7 कोटी 23 लाखांवर कोसळलं.

म्हणूनच मला त्यांचं मोठेपण टनांत दिसत नाही. पीक वाढवायचं तर आधी पिकवणारा शहाणा आणि संघटित झाला पाहिजे, हे त्यांनी मंत्री होण्याच्या कितीतरी आधी ओळखलं होतं. 1931 च्या जनगणनेत शंभरांत जेमतेम दहा माणसांना लिहिता-वाचता येत होतं. दुसऱ्याच वर्षी, 1932 साली, त्यांनी अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. आज तिच्या शाळा, महाविद्यालयं आणि वसतिगृहं विदर्भभर आहेत. 1955 साली त्यांनी भारत कृषक समाज स्थापला. याच संघटनेने दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवलं आणि 11 डिसेंबर 1959 रोजी त्याच्या उद्घाटनाला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर आले. जगातली शेती आपल्या शेतकऱ्याने पुस्तकात न वाचता डोळ्यांनी पाहावी, ही त्यामागची तळमळ.

त्यांच्या मागे, 20 ऑक्टोबर 1969 ला, अकोल्यात त्यांच्या नावाचं कृषी विद्यापीठ सुरू झालं. विदर्भाचे अकरा जिल्हे, सुमारे 97 हजार चौरस किलोमीटर मुलूख, हे त्याचं कार्यक्षेत्र. पोर्तुगाल देश याहून लहान आहे.

आज भारत वर्षाला 33 कोटी टनांहून जास्त धान्य पिकवतो. माणसं चौपट झाली तरी माणशी वाटा दिवसाला साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास पोचला आहे. देशाच्या ताटाचा प्रश्न बराचसा सुटला. पण अकोला आणि अमरावती ज्या विभागात येतात, त्याच अमरावती विभागात अलीकडच्या काही वर्षांत दरवर्षी हजाराच्या आसपास शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. कापूस, सोयाबीन, तूर घेणाऱ्या या कोरडवाहू मुलखाला टनांच्या विक्रमाने सावरलं नाही.

भागाकार खाणाऱ्यापाशी थांबवला तर उत्तर चांगलं येतं, पिकवणाऱ्यापर्यंत नेला की बिघडतं. म्हणून दरवर्षी उत्पादनाचा आकडा जाहीर होतो तेव्हा त्याच्याच शेजारी, तेवढ्याच ठळक अक्षरांत, दुसरा आकडाही छापला गेला पाहिजे: खर्च वजा जाता एका शेतकरी कुटुंबाच्या हातात वर्षाला किती रुपये उरले. भाऊसाहेबांच्या जयंतीला हाराऐवजी वऱ्हाडाने सरकारकडे या आकड्याची मागणी करावी.