हँडल जवळ आणायचं, पण मापानं

जुनी रेसिंग सायकल दिसायला कितीही देखणी असली, तरी तिच्यावर दहा-पंधरा किलोमीटर गेलं की अनेकांची मान आखडते, खांदे भरून येतात, तळहातांना मुंग्या येतात. बहुतेक वेळा कारण एकच असतं, हँडल फार लांब पडतं. ही सायकल शर्यतीत वाऱ्यापासून अंग चोरून, पुढे झुकून बसणाऱ्यासाठी बनलेली आहे. अकोटहून हिवरखेडला आरामात येणाऱ्यासाठी नव्हे. पण म्हणून ती विकून टाकायची गरज नसते. चिमटा आणि हँडल यांना जोडणारा, इंग्रजी सातच्या आकड्यासारखा वाकलेला एक तुकडा असतो. त्याला स्टेम म्हणतात. तो दोन-तीन सेंटिमीटर आखूड घातला की हँडल तेवढंच जवळ येतं. काम सोपं आहे, तरी ते फसतं, कारण स्टेम विकत घेतला जातो नावावरून, फोटोवरून किंवा ‘जुन्याला जुनं चालेल’ या अंदाजावरून. पुण्या-मुंबईच्या मोठ्या दुकानात चार स्टेम लावून बघता येतात. हिवरखेडला राहणाऱ्याला वस्तू पार्सलनंच मागवावी लागते, आणि ती बसली नाही तर आठवडा वाया जातो. म्हणून माझं म्हणणं असं, की दुकान जितकं लांब, तितकं माप जास्त काटेकोर हवं.

आपल्या ओळखीच्या काळ्या सायकलीनं हा प्रश्न कधी उभाच केला नाही. लुधियानाच्या हीरोची घ्या, सोनीपतच्या ॲटलासची घ्या, किंवा आसनसोलला बनलेली सेन-रॅले घ्या. सळईच्या ब्रेकच्या या सायकलींत हँडल आणि त्याची मान एकाच अंगाची असते. हँडल वाकलं तर मिस्त्री अख्खं हँडलच बदलतो. त्यामुळे छर्रे, कॉटर पिन, चिमटा यांत ज्याचा हात कुणी धरणार नाही असा कारागीरही ‘स्टेम किती मिलिमीटरचा?’ या प्रश्नापाशी थांबतो. त्यात त्याचा दोष नाही, त्याच्या कामात ही निवड कधी आलीच नव्हती.

हिवरखेडच्या माणसाला मापाचं महत्त्व खरं तर वेगळं सांगायला नको. गावाच्या स्टेशनावरून अकोला-खंडवा मीटरगेज गाडी वर्षानुवर्षं गेली. त्या रुळांमधलं अंतर १००० मिलिमीटर, आणि मुंबई-नागपूर मार्गावरच्या ब्रॉडगेजचं १६७६. दोन्ही अकोल्याला भेटायचे, पण एकाचा डबा दुसऱ्यावर कधी चढला नाही. उतारूंनाच गाडी बदलावी लागली. रेल्वेतला हा फरक डोळ्यांना दिसतो. सायकलीतला फरक केसाएवढा असतो, म्हणूनच तो जास्त फसवतो. जुन्या रेसिंग सायकलीच्या चिमट्याची उभी नळी बहुधा बाहेरून एक इंच, म्हणजे २५.४ मिलिमीटर असते, आणि तिच्या आत जाणारा स्टेमचा दांडा २२.२ मिलिमीटरचा, म्हणजे पाऊण इंच आणि एक सूत. जुन्या फ्रेंच सायकलींत मात्र हाच दांडा २२.० चा. काही मुलांच्या आणि अमेरिकी सायकलींत तो २१.१ च्या आसपास उतरतो. दुसरं टोक हँडल पकडणाऱ्या कड्याचं. तिथे २५.४ सर्वांत जास्त चालतं, इटालियन हँडलं बहुतेक २६.० ची, मिलानच्या चिनेल्लीची जुनी हँडलं २६.४ ची, जुनी फ्रेंच २५.० ची, आणि आजची जाड हँडलं ३१.८ ची. तिसरं माप लांबीचं, आणि ते दांड्याच्या मध्यापासून कड्याच्या मध्यापर्यंत घ्यायचं असतं, टोकापासून टोकापर्यंत नव्हे. शर्यतीच्या सायकलींवर साधारण १०० ते १२० मिलिमीटरचा स्टेम सापडतो. आपल्याला लागतो तो ८० ते ९० चा.

एवढं बारीक मोजायचं कशानं? अकरावीच्या विज्ञान शाखेत पहिल्या काही प्रयोगांत हाताळलेला व्हर्नियर कॅलिपर यासाठीच आहे. तो मिलिमीटरचा दहावा भाग वाचतो. कॅलिपर हाताशी नसेल तर हँडलच्या मधल्या, कड्यात बसणाऱ्या भागाभोवती कागदाची अरुंद पट्टी घट्ट गुंडाळावी, जिथे कडा मिळतात तिथे टोकदार पेन्सिलीनं खूण करावी आणि पट्टी सरळ करून मोजावी. परीघ व्यासाच्या ३.१४ पट असल्यामुळे फरकही तितकाच मोठा होऊन दिसतो. २५.४ ला पट्टी ७९.८ मिलिमीटर भरते, २६.० ला ८१.७ आणि २६.४ ला जवळपास ८३. साध्या फूटपट्टीवर हे वाचता येतं. दांड्याचं २२.० की २२.२ हे मात्र पट्टीवर सोडू नये. तिथे फरक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा राहतो. आणि केवळ जुना स्टेम मोजून थांबू नये. आधीच्या मालकानं चुकीचाच स्टेम ठोकून बसवलेला असू शकतो, म्हणून नळीचा आतला व्यासही बघायला हवा.

यावर पहिला आक्षेप मिस्त्रीकडूनच येईल: पाव मिलिमीटरचं काय घेऊन बसलात, घासून किंवा पत्रा घालून बसवू. यात थोडं तथ्य आहे. फ्रेंच नळीसाठी २२.२ चा दांडा एकसारखा घासून २२.० वर आणणं आणि २६.० च्या कड्यात २५.४ चं हँडल बसवताना मापाची ॲल्युमिनियमची पट्टी घालणं, दोन्ही चालून जातात. पण उलट दिशेनं जाऊ नये. २६.४ चं हँडल २६.० च्या कड्यात घुसवण्यासाठी कडं फाकवलं, तर ॲल्युमिनियमला बारीक चीर जाते आणि ती पुढे कधीतरी उतारावर पूर्ण होते. वऱ्हाडातल्या सुतार-लोहाराला हे नवं नाही. बंडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना ती मुद्दाम थोडी कमी मापाची ठेवतात, तापवून फुगवतात आणि गार करून आवळतात. लोखंड ते सोसतं, कारण तसंच योजलेलं असतं. स्टेमचं कडं त्यासाठी घडवलेलं नाही.

दुसरा आक्षेप असा, की सीट पुढे सरकवली की झालं. मला हा उपाय चुकीचा वाटतो. सीटची जागा गुडघा आणि पायडल यांच्या हिशेबानं ठरते; हातांची अडचण सोडवताना ती गुडघ्यांवर ढकलण्यात अर्थ नाही. तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आखूड स्टेमनं सायकल चंचल होते, असं म्हणतात. हँडल वळणाच्या अक्षाजवळ आल्यामुळे हाताच्या थोड्या हालचालीनंही चाक वळतं, हे खरंच आहे. पण दोन-तीन सेंटिमीटरच्या फरकाची सवय लवकर होते. पाच-सहा सेंटिमीटर कमी करावे लागत असतील, तर मात्र दोष स्टेमचा नाही, सायकलीची फ्रेमच त्या माणसाला मोठी आहे. नव्या पद्धतीचा स्टेम बसवण्यासाठी २२.२ च्या नळीत जाणारा जोडही मिळतो. तो भक्कम असतो आणि लांबीची निवड वाढवतो, पण जुन्या सायकलीचं रूप बिघडवतो. ते रूप ज्याला जपायचं आहे, त्याच्यासाठी जपानची निट्टो कंपनी जुन्या धर्तीचे स्टेम अजून बनवते.

बसवताना घाई नको. वरचा बोल्ट तीन-चार आटे सैल करून त्यावर लाकूड ठेवून हलकेच ठोकलं, की आतली पाचर सुटते. ॲल्युमिनियमचा दांडा लोखंडी नळीत वर्षानुवर्षं अडकलेला असेल तर गंज सोडवणारं तेल घालून रात्रभर थांबावं, पिळून उपटू नये. जुन्या स्टेमचं कडं एका बोल्टचं आणि बंद असतं, म्हणून हँडल सरकवून काढायला एका बाजूची टेप आणि ब्रेकचा दांडा उतरवावा लागतो. नवं कडं रुंद असेल तर हँडलच्या वळणात अडकेल का, हे आधी बघावं. नव्या दांड्याला ग्रीस लावून तो निदान त्यावरच्या खुणेपर्यंत आत घालावा. खूण नसेल तर अडीच इंच तरी आत हवा. उंची वाढवायचीच असेल तर नळी मागे कललेली असल्यामुळे दर सेंटिमीटर उंचीमागे हँडल सुमारे तीन मिलिमीटर आपोआप मागे येतं, हा हिशेब लांबी ठरवतानाच धरावा. शेवटी पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत धरून हँडल डावी-उजवीकडे पिळावं, मग अंगाचा भार टाकून खाली दाबावं. कुठेही जरा घसरलं तर बोल्ट पुन्हा आवळावा, आणि पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर एकदा परत तपासावा.