स्वस्त सुरीचे पाणी

बोथट सुरीने टोमॅटो चिरायला गेले की काय होते, हे तुम्ही घरी पाहिलेच असेल. साल कापली न जाता नुसती दबते. मग आपण आणखी जोर लावतो, आणि सुरी सटकते ती थेट बोटावर! धारदार सुरीला जोर लागत नाही. ती हवी तिथेच जाते. म्हणजे बोथट सुरीच अधिक धोक्याची. मग चांगली धार म्हणजे नेमके काय? ती महाग सुरीलाच येते का? याचे उत्तर शोधण्यासाठी स्वीडनमधल्या एका साध्या सुरीची ओळख करून घेऊ.

मोरा गावची सुरी

स्वीडनच्या दालार्ना प्रांतात सिल्यान सरोवराच्या काठी मोरा हे गाव आहे. त्याच्या जवळच्या ओस्तनोर या खेड्यात १८९१ साली फ्रॉस्ट एरिक एरसन यांनी ओंडके वाहून नेणाऱ्या घसरगाड्यांचा कारखाना काढला. कारखान्यात लागणाऱ्या सुऱ्या तिथेच घडवल्या जात. पुढे घसरगाड्या मागे पडल्या आणि सुऱ्यांचे नाव झाले. आज सुतार, मासेमार, शेतकरी आणि रानावनात भटकणारे लोक ही सुरी वापरतात.

ही सुरी मिटत नाही. तिला बिजागरी नाही, त्यामुळे खिळखिळे होण्यासारखे काही नाही. पाते सुमारे १० सेंटिमीटर लांब आणि २ ते ३ मिलिमीटर जाड. मूठ बहुधा प्लॅस्टिकची. नक्षी नाही की झगमगाट नाही, म्हणून किंमतही कमी. काटकसर केलेली नाही ती एकाच गोष्टीत: पोलाद आणि त्याला दिलेले पाणी.

पाणी देणे म्हणजे काय?

आपल्याकडचे लोहारही 'पोलादाला पाणी दिले' असे म्हणतात. या सुरीच्या साध्या पोलादात सुमारे १ टक्का कार्बन असतो. ते ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवले की कार्बनचे अणू लोखंडाच्या अणूंच्या रचनेत शिरतात. मग पाते तेलात किंवा पाण्यात बुडवून एकदम थंड केले, तर कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो आत अडकून पडतो, अणूंची रचना ताणली जाते आणि पोलाद अतिशय कठीण होते. या रचनेला मार्टेन्साइट म्हणतात.

पण असे पोलाद काचेसारखे ठिसूळही असते. म्हणून ते पुन्हा सुमारे २०० अंशांपर्यंत तापवतात. थोडा कठीणपणा जातो, पण चिवटपणा येतो.

इथे एक धोका लक्षात ठेवा. विजेवर वेगाने फिरणाऱ्या कोरड्या चाकावर सुरी धरली, तर पातळ धार क्षणात तापते. धारेवर निळसर रंग आला, तर तापमान ३०० अंशांच्या घरात गेले असे समजावे. तिथले पाणी उतरले! मग कितीही घासा, धार टिकणार नाही. तो भाग पूर्ण झिजवून काढणे हाच त्यावर उपाय.

धारेचे गणित

दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे तुम्ही शिकला आहात. समजा, सुरीची ५ सेंटिमीटर धार एखाद्या पदार्थावर टेकली आहे आणि आपण १० न्यूटन बल लावले, म्हणजे सुमारे १ किलोग्रॅम वजनाइतके. धारेची जाडी १ मायक्रोमीटर असेल, तर दाब २० कोटी पास्कल, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे २००० पट होतो! धार झिजून २० मायक्रोमीटर जाड झाली, तर तेवढ्याच बलाने दाब २० पटींनी कमी होतो. २० मायक्रोमीटर म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. डोळ्यांना फरक दिसणार नाही, पण टोमॅटोला तो लगेच कळतो.

धार लावू या

हे काम मोठ्या माणसांच्या देखत करा. कठीण केलेले पोलाद झिजवायला त्याहून कठीण दगड हवा. मोहच्या मापनश्रेणीत असे पोलाद साडेसहाच्या आसपास, क्वार्ट्झ ७ वर आणि कुरुंद ९ वर येतो. इंग्रजीतला 'कोरंडम' हा शब्द आपल्याकडच्या याच शब्दाच्या कुळातला. बाजारात मिळणारे धार लावण्याचे दगड बहुधा कृत्रिम कुरुंदाचे, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडचे असतात.

मोराच्या सुरीची खुबी अशी, की तिच्या दोन्ही बाजूंचे उतार रुंद आणि सपाट आहेत. उतार दगडावर पूर्ण टेकवला की कोन आपोआप साधतो. स्वयंपाकघरातल्या सुरीचा उतार अरुंद असतो. तिथे कोन आपणच राखायचा. समजा, पाते २५ मिलिमीटर रुंद आहे आणि १५ अंशांचा कोन हवा आहे. १५ अंशांची साइन ०.२६. तेव्हा पात्याची पाठ २५ × ०.२६, म्हणजे सुमारे साडेसहा मिलिमीटर उचलून धरायची. झाले!

कोन बरोबर आहे का, हे असे पाहा. उतारावर मार्कर पेनने शाई लावा आणि पाते ओल्या दगडावर दोनदा फिरवा. शाई फक्त वरच्या भागात पुसली गेली, तर पाठ जास्त खाली आहे. फक्त कडेला पुसली गेली, तर ती जास्त वर आहे.

एका बाजूने घासत राहिले, की दुसऱ्या बाजूला पोलादाची अगदी पातळ कड उलटते. ती संपूर्ण लांबीभर आली, म्हणजे ती बाजू झाली. मग दुसरी बाजू घासा. त्यानंतर बारीक दगड, आणि शेवटी चामड्याचा पट्टा. पट्ट्यावर पाते नेहमी धारेच्या उलट दिशेने ओढायचे, म्हणजे पाठ पुढे आणि धार मागे. धारेची परीक्षा बोटाने कधीही करू नका. हातात धरलेला कागद कापून पाहा.

सुरीत बदल

हौशी लोक या सुरीत लहानसहान बदल करतात. कोणी पाठीच्या कडा दगडावर घासून काटकोनी करतात. अशा कडेने लोखंड आणि सिरियम यांच्या मिश्रधातूची कांडी खरवडली, की तिचे कण हवेतच पेटतात आणि चूल पेटवता येते. लायटरमधला 'दगड'ही याच जातीचा. कोणी पाते काही वेळ व्हिनेगरमध्ये ठेवतात. त्यावर करडा थर चढतो आणि तांबडा गंज जरा उशिरा धरतो. केळफूल चिरल्यावर घरची लोखंडी विळी काळी पडते, तिथेही आम्ल आणि टॅनिन लोखंडावर काम करतात. असा थर असला, तरी सुरी पुसून, कोरडी करून तेलाचा हात फिरवणे सुटत नाही. बदल कोणताही करा, पाते मात्र तापू देऊ नका.

आता स्वयंपाकघरातली सर्वांत बोथट सुरी शोधा आणि आईवडिलांना विचारून वरचा प्रयोग करा. आधी आणि नंतर टोमॅटो चिरायला किती जोर लागतो, याची वहीत नोंद ठेवा. स्वयंपाकघरातला वजनकाटा असेल, तर टोमॅटो त्यावर ठेवून मोठ्या माणसाला सुरी दाबायला सांगा. साल फुटते त्या क्षणी काट्यावरचा आकडा किती, तो तुम्ही टिपा. तुमच्या घरची सुरी किती पट धारदार झाली, ते तो आकडाच सांगेल.