हॅलबर्ड: एका दांड्यावर तीन हत्यारं

मध्ययुगीन युरोप म्हटलं की सगळ्यांना तलवार आठवते. पण चिलखती घोडेस्वाराला खरा घाम फोडला तो लांब दांड्याच्या हत्यारांनी. त्यातलं माझं लाडकं म्हणजे स्विस पायदळाचं हॅलबर्ड.

साधारण दोन मीटरचा लाकडी दांडा आणि टोकाला तीन कामांची सोय:
🔸 कुऱ्हाडीचं पातं: घाव घालायला
🔸 वरचं अणकुचीदार टोक: भोसकायला
🔸 मागचा आकडा: स्वाराला घोड्यावरून खाली ओढायला

दांडा छाटला जाऊ नये म्हणून त्यावर लोखंडी पट्ट्या ठोकत.

१३१५ मध्ये मॉर्गार्टेनला स्विस शेतकऱ्यांनी ऑस्ट्रियाच्या लिओपोल्डचं सैन्य डोंगर आणि तळ्यामधल्या चिंचोळ्या वाटेत गाठलं. घोड्यांना वळायलाही जागा नव्हती. हॅलबर्डांनी दाणादाण उडवली.

मग हे मागे का पडलं? १४२२ मध्ये आर्बेडोला मिलानचे स्वार घोड्यांवरून उतरून लढले आणि हॅलबर्डवाले कमी पडले. त्यानंतर स्विसांनी पाइक, म्हणजे पाच मीटरच्या आसपासचे भाले, वाढवले. पाइकवाले बाहेरून शत्रूला रोखत, हॅलबर्डवाले आत थांबून हातघाईची वेळ आली की पुढे सरसावत.

व्हॅटिकनचे स्विस गार्ड आजही समारंभात हॅलबर्ड धरतात. तुमचं आवडतं हत्यार कोणतं? कमेंटमध्ये सांगा!