पोलाद राखून

फवारणी पंपाच्या टाकीचं झाकण. धानाच्या बांधीत उभ्या माणसाने ते ओल्या हाताने उघडायचं, भरून झालं की घट्ट बसवायचं, आणि पंप पाठीवर असताना तो वाकला तरी औषध मानेवर गळता कामा नये. या वस्तूचा मोल्ड कॅडमध्ये उभा करताना माझा सगळ्यात जास्त वेळ खातात ते आतले आटे.

मी भंडाऱ्यात घरी बसून डिझाइन करतो. जिल्ह्यात वरठीला सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आहे, गडेगावला अशोक लेलँड. माझे मोल्ड मात्र कापले जातात नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत. फाइल मेलने जाते, भांडणं फोनवर होतात.

झाकणाचं बाहेरचं रूप कॅव्हिटी देते, आतलं कोअर. मधल्या पोकळीत वितळलेलं पॉलिप्रॉपिलीन दाबाने भरायचं, गार झालं की मोल्ड उघडायचा. सॉलिडवर्क्समध्ये हे दोन भाग वेगळे करायला मिनिटही लागत नाही, आणि व्हिडिओ बघून शिकलेली पोरं इथेच खूश होतात. ड्राफ्ट तपासला की सुटणाऱ्या भिंती हिरव्या दिसतात, सरळ उभ्या भिंती पिवळ्या. पिवळ्या भिंतीला अंशभर उतार दिला की तीही सुटते. आटे तसे सुटत नाहीत. ते कोअरला धरून बसतात.

आटे उथळ आणि गोलसर असतील तर झाकण कोमट असतानाच ओढून काढता येतं. खोल असतील तर कोअरच फिरवून बाहेर काढावा लागतो: हायड्रॉलिक सिलिंडर रॅक, म्हणजे दातेरी पट्टी, ढकलतो, रॅक कोअरवरचं दातेरी चाक, म्हणजे पिनियन, फिरवतो. ग्राहकाच्या ड्रॉइंगमध्ये अडीच फेऱ्या होत्या. पिनियनचा पिच व्यास ६० मि.मी. धरला, तर एका फेरीला रॅक १८८ मि.मी. सरकतो, अडीच फेऱ्यांना ४७१. त्यावर सिलिंडरची लांबी वेगळीच. त्यांच्या मशीनवर एवढी जागा नव्हती. मी दीड फेरी सुचवली; २८३ मि.मी.मध्ये काम भागतं. गळती थांबवतो तो रबरी वॉशर. आट्यांनी त्याला नीट दाबून धरलं की झालं. पटायला दोन फोन लागले.

कोअर फिरताना झाकणही सोबत फिरलं तर ते सुटणारच नाही. ओल्या हाताची पकड बसावी म्हणून झाकणाच्या कडेला दिलेल्या उभ्या धारा इथे कॅव्हिटीत अडकून त्याला जागेवर धरतात. एकाच तपशिलाने शेतकरी आणि मोल्ड दोघांचं काम व्हावं, यासारखं सुख या धंद्यात क्वचितच.

मग आकुंचन. पॉलिप्रॉपिलीन गार होताना साधारण १ ते २ टक्के आखडतं, आणि सॉफ्टवेअर मागतं एकच आकडा. १०० मि.मी.च्या झाकणासाठी दीड टक्का धरून कॅव्हिटी १०१.५ केली आणि प्रत्यक्षात १.८ टक्के आखडलं, तर झाकण ९९.७ भरतं. पितळेची भांडी घडवणाऱ्या आमच्या गावात चुकून पडलेला पोचा ठोकून सारखा करता येतो. कापलेलं पोलाद परत येत नाही. वेल्डिंग करता येतं, पण त्याचा डाग पुढच्या प्रत्येक झाकणावर उमटू शकतो. म्हणून टूलरूममध्ये ज्याला ‘स्टील सेफ’ म्हणतात ते पाळायचं: कॅव्हिटी हिशेबापेक्षा किंचित लहान, कोअर किंचित मोठा. पहिल्या ट्रायलनंतर कापायला पोलाद उरलेलं हवं.

नवख्याला ही ढिलाई वाटते. स्क्रीनवर तीन दशांशांपर्यंत मापं दिसत असताना मुद्दाम चुकीचं माप द्यायचं, हे त्याच्या गळी उतरत नाही.

ट्रायलचं झाकण मशीनमधून पडलं की सगळे व्हर्नियर घेऊन धावतात. मी ते दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवायला सांगतो, कारण मोल्डबाहेर पडल्यावरही हे प्लास्टिक आखडत राहतं. शिवाय रंग. काळ्या रंगावर मापं जुळवून घेतली आणि विक्रीवाल्यांनी निळा मागितला, तर काही निळ्या रंगद्रव्यांमुळे पॉलिप्रॉपिलीनचं स्फटिकीकरण बदलतं, आणि आकुंचनही. त्यामुळे ट्रायलची तारीख ठरवण्याआधी मी ग्राहकाकडून रंग लिहून घेतो. या झाकणाला त्यांनी कळवलं, ‘बहुतेक हिरवा’. हिंगण्याला निरोप दिला आहे की कोअरला अजून हात लावू नका.