दाखला गावी राहिला? पोर तरी शाळेत बसणारच!

सुरतच्या नवागाम-डिंडोलीत चालता चालता अहिराणी कानावर पडतेच. धुळे, नंदुरबार, जळगावहून तापी लाइनच्या गाडीने आलेली माणसं इथे लूमवर आणि साड्यांच्या कामात रुळली. पण वर्षाच्या मधेच गाव सोडलं, की आईबापाला पहिला घोर पोरांच्या शाळेचा. त्यात दाखला गावाकडेच राहिलेला!

तर ही गोष्ट पाठच करून ठेवा. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा सांगतो, की ६ ते १४ वर्षांच्या मुलाला दाखला यायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश रोखता येत नाही. वयाचा पुरावा नाही, हेही कारण चालत नाही. आणि जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा असतो. स्थलांतर करणाऱ्या घरासाठी याहून मोलाचं कलम मला तरी दिसत नाही.

सुरत महापालिकेच्या शाळा मराठी माध्यमातही आहेत. शिवाय हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू. २०२३ च्या गुजरातच्या कायद्याने पहिली ते आठवी गुजराती मात्र सगळ्यांना सक्तीची.

आपल्या देशात सक्तीच्या शिक्षणाची सुरुवात कुणी केली, माहीत आहे? मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातल्या मुलाने! तोच पुढे बडोद्याचा राजा झाला. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग केला आणि १९०६ मध्ये सक्ती राज्यभर नेली. सुरतेशेजारचं नवसारी बडोद्याचं, त्यामुळे तिथे सक्ती आली. सुरत इंग्रजांची, ती राहिली. गोखल्यांनी १९११ मध्ये देशासाठी असंच विधेयक मांडलं, ते फेटाळलं गेलं. नवसारीच्या पोरांना जे १९०६ मध्ये मिळालं, ते देशभरच्या पोरांना मिळायला २०१० उजाडलं!

शाळेसोबत सरकारी मदतीचंही बघा. मुलगी झाली? गुजरातची ‘वहाली दीकरी’ योजना पहिलीत ४,०००, नववीत ६,००० आणि अठराव्या वर्षी एक लाख देते. महाराष्ट्राच्या ‘लेक लाडकी’त जन्मापासून अठरापर्यंत टप्प्याटप्प्याने १,०१,०००. दोन्हींना त्या त्या राज्यातलं वास्तव्य लागतं. त्यामुळे रेशनकार्ड गावचं आणि संसार नवागामचा असेल, तर कागद आधी नीट लावा.

बाळंतपणाची पगारी रजा २०१७ मध्ये १२ आठवड्यांवरून २६ झाली. पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर हवं, आणि आईला दिवसातून चारदा बाळाकडे जाता यायला हवं. छानच! पण घरी बसून साड्यांना टिकल्या-लेस लावणाऱ्या बाईला रजा देणार कोण? तिच्यासाठी मातृवंदना योजना: पहिल्या बाळाला ५,०००, दुसरी मुलगी झाली तर ६,०००. एवढ्यावर भागत नाही, हे स्पष्टच म्हणायला हवं.

घरबसल्या होणाऱ्या याच कामात पोरांचेही हात लागतात. २०१६ च्या दुरुस्तीने चौदाच्या आतल्या मुलांना कामाला ठेवायला बंदी आली. घरच्या धंद्यात मदत चालते, पण काम धोक्याचं नको, आणि तेही शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत. शाळा बुडवून पोर कामाला जुंपलेलं दिसलं, तर १०९८ फिरवा. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली ही हेल्पलाइन फुकट आहे, रात्रंदिवस चालू असते, आणि तिथे पोर स्वतःही फोन करू शकतं.