विश्लेषण : अभियंते म्हणतात ‘शंभरात एक’, साहेब म्हणतात ‘लाखात एक’... ‘चॅलेंजर’चा धोका कुणाला किती दिसला?

प्रकल्प एकच, पण वरिष्ठांना तो सुरळीत चाललेला दिसतो आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना त्यातल्या भेगा दिसत असतात. बहुतेक कार्यालयांत या तफावतीची किंमत म्हणजे हुकलेली मुदत. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेत ती सात अंतराळवीरांच्या प्राणांनी मोजावी लागली.

तफावत नेमकी किती होती?

उड्डाणानंतर ७३ सेकंदांत ‘चॅलेंजर’चे तुकडे झाले. चौकशीसाठी नेमलेल्या रॉजर्स आयोगात नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन होते. त्यांनी ‘नासा’च्या काही अभियंत्यांना आणि त्यांच्या वरिष्ठाला एकाच खोलीत बसवले. इंजिनातील बिघाडामुळे उड्डाण अर्धवट राहण्याची शक्यता किती, हे प्रत्येकाने कागदावर लिहायचे होते. अभियंत्यांची उत्तरे दोनशेत किंवा तीनशेत एक अशी आली. साहेबांनी आधी आढेवेढे घेतले, मग आकडा सांगितला : लाखात एक!

संपूर्ण यान गमावण्याबाबतही अंदाज शंभरात एक ते लाखात एक असे पसरलेले होते. मोठा धोका सांगणारे अभियंते, छोटा सांगणारे व्यवस्थापक. लाखात एक म्हणजे रोज एक यान सोडले तरी जवळपास ३०० वर्षांत एकच अपघात, असा हिशेब फाइनमन यांनी मांडला. प्रत्यक्षात २०११पर्यंतच्या १३५ मोहिमांत दोन याने गेली. म्हणजे अभियंतेही आशावादीच ठरले.

आदल्या रात्री काय घडले?

बूस्टर रॉकेटच्या सांध्यांत ‘ओ-रिंग’ नावाच्या रबरी कड्या होत्या. थंडीत रबर ताठर होते आणि सांधा वेळेत बंद होत नाही, ही भीती बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीतील अभियंता रॉजर बॉइजोली यांनी जुलै १९८५मध्येच लेखी कळवली होती. २७ जानेवारीच्या रात्री दूरध्वनी बैठकीत कंपनीने १२ अंश सेल्सिअसखाली उड्डाण नको, अशी शिफारस केली. ‘नासा’चे अधिकारी वैतागले. कंपनीने पाच मिनिटे मागितली. अंतर्गत चर्चा अर्धा तास चालली. तिथे एका वरिष्ठाने अभियांत्रिकी प्रमुखाला अभियंत्याची टोपी काढून व्यवस्थापकाची घालायला सांगितले. त्याने ती घातली आणि शिफारस फिरली. सकाळी उड्डाणावेळी तापमान होते सुमारे २ अंश.

मग व्यवस्थापक बेपर्वा होते का?

इतके सोपे नाही. अभियंत्यांची आकडेवारी निर्णायक नव्हती. उष्ण हवेतील एका उड्डाणातही सांध्यातून वायू निसटल्याच्या खुणा सापडल्या होत्या. खरी गोम पुराव्याच्या ओझ्यात होती. एरवी ‘सुरक्षित आहे’ हे सिद्ध करावे लागे. त्या रात्री ‘असुरक्षित आहे’ हे सिद्ध करण्याची वेळ अभियंत्यांवर आली.

शिवाय आधीच्या उड्डाणांतही कड्या झिजल्या होत्या आणि याने सुखरूप परतली होती. अभियंत्यांसाठी ती झीज इशारा होती, वरिष्ठांसाठी ‘एवढे चालते’ याचा दाखला. समाजशास्त्रज्ञ डायन वॉन यांनी १९९६च्या पुस्तकात याला ‘विचलनाचे सामान्यीकरण’ म्हटले. नियमाबाहेरची गोष्ट वारंवार पचली की तीच नियम होऊन बसते.

शेवटचा निर्णय घेणाऱ्यांना काय माहीत होते?

रात्रीच्या वादाची माहिती ‘नासा’च्या सर्वोच्च उड्डाण अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचलीच नाही. मधल्या फळीच्या लेखी प्रश्न तिच्या पातळीवर सुटला होता. वर गेली ती फक्त कंपनीची सही असलेली संमती. जबाबदारीने सही करायची ते अॅलन मॅकडोनाल्ड उड्डाणस्थळी हजर होते आणि त्यांनी नकार दिला होता. सही युटामधील कार्यालयातून, वरिष्ठाची आली.

पुढे काही बदलले?

सांध्याची रचना बदलली, सुरक्षेसाठी वेगळे कार्यालय आले. तरी जानेवारी २००३मध्ये ‘कोलंबिया’च्या उड्डाणात फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळला, तेव्हा अभियंत्यांनी पंखाची छायाचित्रे मिळवण्यासाठी तीनदा विनंती केली. ती मिळाली नाहीत. १ फेब्रुवारीला परतताना यान नष्ट झाले. कल्पना चावला त्यातच होत्या. चौकशी मंडळाच्या अहवालात पुन्हा तेच नोंदले गेले : धोका आहे, हे सिद्ध करण्याचे काम अभियंत्यांवर ढकलले गेले होते. आणि ते सिद्ध करण्यासाठीच त्यांना ती छायाचित्रे हवी होती.