रात्री भिजवा, पहाटे खा! बाळंतिणीची न्याहारी, बिदर-कलबुर्गी ढंगाची

बाळ जन्मलं की घरात पाच जणी पाच सल्ले देतात. पण पहाटे पाचला, रात्रीतून तिसऱ्यांदा पाजून उठलेल्या आईच्या हातात खायची वाटी कोण देतं? भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या पट्ट्यात घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात दख्खनी असा तिहेरी कारभार चालतो. बाळंतिणीला काय खाऊ घालायचं, याची यादी मात्र तिन्ही भाषांत जवळपास एकच: ज्वारी, तूप, लसूण, डिंक, खारीक, बाळंतशोपा. आता त्या फळीवर ओट्सचा डबाही येऊन बसलाय. तर ऐका त्या डब्याच्या आणि शेजारच्या ज्वारीच्या पिठाच्या गमती.

ही भूक उगाच नाही

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा २०२० चा हिशेब सांगतो, की बाळाच्या पहिल्या सहा महिन्यांत आईला रोज ६०० कॅलरी जास्त लागतात आणि पुढच्या सहा महिन्यांत ५२०. प्रथिनंही सुरुवातीला रोज १७ ग्रॅमच्या आसपास जादा हवीत. ६०० कॅलरी म्हणजे ढोबळमानाने ज्वारीच्या दोन भाकऱ्या, वाटीभर वरण आणि वर तूप. हे सगळं नेहमीच्या जेवणाशिवाय वेगळं! निव्वळ अंगावर पिणारं बाळ दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास दूध पितं, आणि ते बनतं आईच्याच अंगातल्या मालातून. तेव्हा "आताच तर जेवलीस की" असं म्हणणाऱ्यांनी आधी हा हिशेब पाहावा.

आणखी एक गंमत. दूध तयार करायला लावणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री जास्त असतं. म्हणजे बाळ रात्री पिऊन आईला छळतं असं वाटलं, तरी दूध टिकवायचं काम ते चोख करत असतं.

ओट्स खाल्ले की दूध वाढतं?

दुकानदार हो म्हणेल, शेजारीणही हो म्हणेल. शास्त्र मात्र खांदे उडवतं. दूध वाढवणाऱ्या औषधांचा आणि पदार्थांचा कोक्रेन या संस्थेने २०२० मध्ये मोठा आढावा घेतला. ४१ चाचण्या, तीन हजारांवर आया. मेथी-शतावरीसारख्या नामवंतांच्या बाबतीतही पुरावा कच्चाच निघाला. ओट्सची गोष्ट तर त्याहून ऐकीव. दूध वाढतं ते मागणीवर: बाळ जितकं ओढेल आणि छाती जितकी रिकामी होईल, तितकं पुढचं दूध तयार होतं. हे गुपित कुठल्याच डब्यावर छापलेलं नसतं, कारण ते विकता येत नाही.

मग ओट्स कशाला? कारण ते पटकन होतात, पोटभरीचे असतात आणि बाळंतपणानंतर हमखास छळणाऱ्या बद्धकोष्ठावर त्यातला तंतू कामी येतो. ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू असतो. भिजल्यावर ओट्स बुळबुळीत होतात ते त्याच्यामुळेच. हृदयासाठी तो चांगला, असं पाकिटावर लिहायला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्येच परवानगी दिली. दूध वाढो न वाढो, सकाळ सुखाची होते, हेही काही कमी नाही.

घोड्याचा घास

सॅम्युएल जॉन्सनच्या १७५५ च्या इंग्रजी शब्दकोशात ओट्सबद्दल एक खवचट नोंद आहे. इंग्लंडात हे धान्य घोड्यांना घालतात आणि स्कॉटलंडात त्यावर माणसं जगतात, अशा अर्थाची! स्कॉटिश मंडळी यावर आजही हिशेब चुकते करत असतात. आपल्या देशातही ओट्सचं पीक मुख्यतः जनावरांच्या वैरणीसाठीच घेतलं जातं. पण नाक मुरडू नका. आपली ज्वारी तरी काय करते? दाणा माणसाला, कडबा देवणी गाईला, आणि त्या गाईचं दूध पुन्हा बाळंतिणीला. लातूर-बिदरच्या या देवणी जातीचं नाव पडलं ते लातूर जिल्ह्यातल्या देवणी गावावरून.

रात्री भिजवायची कल्पना कुणाची?

हल्ली काचेच्या बरणीत रात्रभर भिजवलेल्या ओट्सचे फोटो सगळीकडे दिसतात. ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. १९०० च्या सुमारास झुरिकमधले डॉक्टर मॅक्सिमिलियन बिर्शर-बेनर आपल्या रुग्णांना हा पदार्थ देत: चमचाभर ओट्स रात्री पाण्यात भिजवायचे, सकाळी त्यात सालासकट किसलेलं सफरचंद, लिंबू, आटवलेलं दूध आणि सुकामेव्याची पूड घालायची. मुख्य पदार्थ सफरचंद होता आणि ओट्स नावापुरते. आज बाजारात म्युस्ली म्हणून मिळते ती याची नात.

पण बिर्शरसाहेबांना आळंद तालुक्यातल्या एखाद्या आजीने वेळ अमावस्येला शेतात बसवून आंबील पाजली असती, तर त्यांनी टोपी काढून नमस्कार केला असता! मार्गशीर्ष अमावस्येला लातूर, धाराशिव, बिदर, कलबुर्गीकडे सगळा गाव शेतात जातो आणि गावातले रस्ते ओस पडतात. भज्जी, उंडे, बाजरीची-ज्वारीची भाकरी, आणि मडक्यात आंबवलेली आंबील. ज्वारीचं पीठ, ताक, लसूण, जिरं, मीठ, बस्स. रात्री करा, सकाळी प्या. फ्रीज नको, काचेची बरणी नको. वेळ अमावस्येची आंबील वर्षातून एकदाच कशाला, बाळंतिणीसाठी रोजही होते. संध्याकाळी दोन मोठे चमचे पीठ पाण्यात कालवून, ढवळत ढवळत पाच-सात मिनिटं शिजवून ठेवा आणि सकाळी ताजं ताक घालून घुसळा. वाटीत हवं तर तूपही सोडा.

माझ्या मते या दोघांत भांडण नाहीच. ओट्स पाहुणे आहेत, त्यांना पाट मांडा. पण घरच्या ज्वारीला उठवून नको.

टिकाऊपणात पहिला नंबर

ओट्सची भिजवलेली बरणी फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकते. कडक भाकरी? पातळ थापून खडखडीत वाळवलेली ज्वारीची कडक भाकरी डब्यात कोरडी राहिली तर कित्येक आठवडे हलत नाही. सोलापूरपासून कलबुर्गीपर्यंत घरोघरी तिची चळत असते. पंतप्रधानांच्या 'मन की बात'मध्ये जून २०२५ ला कलबुर्गीच्या महिलांचा उल्लेख झाला तो याच ज्वारीच्या भाकरीमुळे. त्यांची सहकारी संस्था रोज तीन हजारांहून जास्त भाकऱ्या करते, आणि हा माल आता 'कलबुर्गी रोट्टी' या नावाने विकला जातो. बाळंतिणीसाठी ती कोमट दुधात किंवा वरणात कुस्करा. एका हाताने खाता येते, आणि दुसऱ्या हातात बाळ असतं, हे विसरू नका.

वरणावरून आठवलं. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं आणि डाळीत भरपूर, म्हणून भाकरी-वरणाची जोडी प्रथिनांचा हिशेब पुरा करते. ओट्सचंही तसंच. रात्रीचं उरलेलं वरण (फ्रीजमध्ये ठेवलेलं!) सकाळी पाणी घालून उकळा, मूठभर ओट्स टाका, वरून लसणाची फोडणी. पाच मिनिटांत गरमागरम वाटी तयार. गोड ओट्स खाऊन कंटाळलेल्या सीमाभागाच्या जिभेला हेच जास्त पटेल.

सुसल्याचा चुलतभाऊ

कलबुर्गीची सकाळ सुसल्याशिवाय होत नाही. भिजवलेल्या चुरमुऱ्यांना फोडणी, वर शेंगदाणे, बाजूला मिरची भजी. मराठवाड्यात त्यालाच सुशीला म्हणतात. त्याच धर्तीवर ओट्सचं कोरडं मिश्रण आधीच करून ठेवता येतं. तेलात मोहरी, हिंग, हळद, भरपूर कढीपत्ता, शेंगदाणे, भाजकी डाळ. त्यात जाडे ओट्स घालून मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत परता आणि गार झाल्यावर हवाबंद डब्यात भरा. आठवडाभर काळजी नाही. खायच्या वेळी वाटीभर मिश्रणावर उकळतं पाणी ओतून झाकण ठेवायचं. भजी मात्र नवऱ्याला करू द्या.

भिजवून खायचे असतील तर जाड, चपटे ओट्स घ्या; झटपट प्रकाराचा सकाळपर्यंत गिलावा होतो. मसाल्याच्या तयार पाकिटांत मीठ बरंच असतं, तेव्हा साधेच बरे. अर्धी वाटी ओट्स, तेवढंच दूध, दोन चमचे दही, चिरलेला खजूर, भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट, चिमूटभर वेलची. झाली बरणी. अळीव आवडत असतील तर चमचाभर वेगळे भिजवून सकाळी मिसळा. भिजल्यावर त्यांचा असा लगदा होतो, की बरणी घट्ट खिरीसारखी लागते. मे महिन्यात कलबुर्गीचा पारा चाळिशी ओलांडून जातो, म्हणून दुधाची बरणी ओट्यावर अजिबात नको. वीज गेली आणि फ्रीज बंद पडला तर त्या रात्री आंबीलच करा.

ओट्स मिळतच नसतील, तर ज्वारीचे पोहे शोधा. हैदराबादच्या भारतीय श्रीअन्न संशोधन संस्थेने ज्वारीचे पोहे, रवा असे कितीतरी पदार्थ विकसित केलेत. आणि ज्वारीत ग्लुटेन नाही. ओट्समध्येही मुळात गव्हासारखं ग्लुटेन नसतं, पण शेतात-गिरणीत गव्हाशी सरमिसळ होते, म्हणून ज्यांना ग्लुटेन चालत नाही त्यांनी पाकीट वाचूनच घ्यावं.

लाडू एक, नावं दोन

मराठी घरातला डिंकाचा लाडू शेजारच्या कन्नड घरात अंटिन उंडी होतो. डिंक तळायचा, खारीक कुटायची, खोबरं भाजायचं, गूळ घालायचा, सगळं तेच. रात्री दोनच्या भुकेला याहून सोयीचं काही नाही. भांडंसुद्धा लागत नाही. मात्र एका लाडवात तूप-गूळ-खोबऱ्याचा एवढा ऐवज असतो, की दिवसाला एक-दोन पुरे. मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

सरकारी ताट

कर्नाटकात २ ऑक्टोबर २०१७ पासून 'मातृपूर्ण' योजना राज्यभर सुरू झाली. गरोदर आणि पाजणाऱ्या बायकांना अंगणवाडीत गरम जेवण: भात, सांबार, भाजी, अंडं, दूध आणि शेंगदाण्याची चिक्की. बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत आईला याचा लाभ घेता येतो. अंगणवाडीपर्यंत रोज चालत जाणं ओल्या बाळंतिणीला जड जातं, ही तक्रार खरी आहे, पण म्हणून नाव नोंदवायचं टाळू नका. माहेर उदगीर-निलंग्याला असेल तर तिथल्या अंगणवाडीतही स्तनदा मातांसाठी पोषण आहाराची सोय असते.

आजींशी थोडं भांडण

काही घरांत बाळंतिणीला पाणी मोजून देतात. हे बंद करा. आईच्या दुधात ८७ टक्के पाणीच असतं. तहान लागेल तेव्हा प्यायलाच हवं. जेवणाबरोबर चहा नको, त्याने अन्नातलं लोह कमी अंगी लागतं. मध्ये तास-दीड तास जाऊ द्या. ओट्सवर आईने मध घेतला तर चालेल, पण तोच चमचा बाळाच्या जिभेला लावायचा नाही. एक वर्षाच्या आत मधाने गंभीर विषबाधा होऊ शकते. बाकी लसूण, शेपू, मेथी खुशाल खा. दुधाला किंचित वास-चव येते, बाळं तक्रार करत नाहीत.

आता राहिलं एक काम: रात्री झोपण्यापूर्वी बरणी भरायची किंवा आंबील शिजवायची. दहा मिनिटांचं आहे. दूध पाजायचं काम बाबाला जमत नाही, हे तर मान्यच आहे. तेव्हा बाबांनो, बरणी तुमची. आज रात्रीपासूनच सुरू करा.